रनर बीन: पाच वाण, एक कडक उन्हाळा

शेजारचे आजोबा ऑगस्ट लागला की कुंपणावरून पिशवी पुढे करतात. इंग्लंडमधल्या रेडिंगला आल्यापासून आमच्या घरात रनर बीन आली ती अशी फुकटात. वीतभर लांब, चपट्या, हाताला खरखरीत लागणाऱ्या शेंगा. पहिल्या वर्षी मी त्या श्रावण घेवड्यासारख्या मोडून, गोडा मसाला घालून भाजी केली आणि जेवताना प्रत्येकाच्या ताटाच्या कडेला दोऱ्यांचा ढीग जमला. व्हिडिओ कॉलवर आईला शेंग दाखवली तर म्हणाली, "अगं, हा कसला घेवडा? अबई दिसतेय ही. कोवळी असतानाच तोडायची, नाहीतर गुरांना घालायची."

2025च्या वसंतात स्वतःच लावायचं ठरवलं तेव्हा घोडं अडलं वाणावर. कॅटलॉगात वीस-बावीस नावं आणि प्रत्येकाखाली तेच वर्णन: भरघोस, चवदार, बिनदोऱ्याची. शेवटी पाच पाकिटं घेतली. आजोबांची म्हणून 'स्कार्लेट एम्परर', फुलांसाठी 'पेंटेड लेडी', नव्या संकरांपैकी 'मूनलाइट', कुंडीसाठी बुटकी 'हेस्टिया' आणि वाळलेल्या दाण्यांसाठी 'झार'. एप्रिल ते ऑक्टोबर यांच्याबरोबर काढल्यावर आता बोलायचा अधिकार आला असं मानते.

लावणीचं थोडक्यात. हिवाळ्यात चर खणून त्यात भाज्यांची सालं आणि ओली वर्तमानपत्रं पुरून ठेवली होती, कारण या वेलीच्या मुळांना सतत ओल लागते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात खिडकीत, टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळ्यांत एकेक बी टोचलं. थंडीचा कडाका संपल्यावर, मेच्या मध्यात, रोपं बाहेर. आठ फुटी बांबूंच्या दोन ओळी, वर एकमेकांना बांधलेल्या. एका रात्रीत गोगलगायींनी चार रोपं जमिनीसरशी कापली. मी नवं बी पेरायला घेतलं, तर आजोबा म्हणाले, थांब जरा. दहा दिवसांत चारांपैकी तिघांना खालून नवा कोंब आला. श्रावण घेवड्याची बीजदलं, म्हणजे बियाच्या अन्न साठवलेल्या दोन फोडी, मातीच्या वर येतात, रनर बीनची खालीच राहतात, त्यामुळे शेंडा गेला तरी शिदोरी शाबूत असते. बागकामात मला इतका आनंद क्वचितच झालाय.

आता उन्हाळा. 2025चा उन्हाळा हा 1884पासूनच्या नोंदींतला ब्रिटनचा सर्वात उष्ण उन्हाळा ठरला. आमच्या बाजूला जुलैच्या उत्तरार्धात होजपाइपबंदीही, म्हणजे बागेला नळीने पाणी घालायला मनाई, लागली. मग काय, आंघोळीचं पाणी बादल्यांतून खाली नेऊन झारीने घालायचं. ('झार'ला झारीने पाणी, हा विनोद नवऱ्याने सप्टेंबरपर्यंत पुरवला.) पण या त्रासामुळेच वाणावाणांतला फरक दिसला. सुखाच्या वर्षी पाचही वेली लदलदल्या असत्या आणि मी इथे पाचांनाही पाच तारे देऊन मोकळी झाले असते.

रनर बीन मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या डोंगराळ, थंड भागातली. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात आली ती फुलांची शोभेची वेल म्हणून, शेंगा खायची रीत मागाहून पडली. उष्ण देशातली म्हणून हिला उन्हाची सवय असेल, असं मी धरून चालले होते. उलटंच आहे. रात्री उबदार राहिल्या आणि मुळं कोरडी पडली की फुलं शेंग न धरताच गळतात.

'स्कार्लेट एम्परर'चं नेमकं हेच झालं. लालभडक फुलांनी जूनअखेर अख्खा मांडव पेटला. रस्त्यावरून जाणारे थांबून बघत. आणि जुलैभर मी खाली पडलेली फुलं झाडत होते. त्यात केसाळ भुंग्यांची चोरी. या फुलाच्या तोंडातून शिरून मध प्यायला लांब जीभ लागते. आखूड जिभेचे भुंगे सरळ फुलाच्या बुडाशी भोक पाडून मध पितात, परागांना शिवतही नाहीत, आणि मधमाश्या त्याच भोकातून उरलंसुरलं पितात. गळलेलं फूल उलटं करून बघा, भोक दिसेल. सकाळ-संध्याकाळ फुलांवर पाणी फवारायचा जुना सल्लाही करून पाहिला, माझ्या मांडवाला काही फरक पडला नाही. बुंध्याशी भरपूर पाणी आणि वर गवताचं जाड आच्छादन, याने मात्र पडला. ऑगस्टच्या शेवटाला रात्री गार झाल्या तसा बादशहा जागा झाला आणि सप्टेंबरभर त्याने जेवू घातलं. चव पाचांत सर्वात खमंग याचीच, हे कबूल करायला हवं. पण शेंग वीतभर झाली की दोरा आलाच. कामावर जाणाऱ्या माणसाने दोन दिवसांची तोडणी चुकवली की संपलं.

'मूनलाइट' हा सरे परगण्यातल्या टोझर सीड्स या बियाणे कंपनीने काढलेला वाण, रनर आणि फ्रेंच घेवडा (म्हणजे आपला श्रावण घेवडा) यांच्या संकरातून आलेला. फुलं पांढरी, अगदी साधी, कोणी थांबून बघणार नाही अशी. पण फ्रेंच घेवड्याकडून याने स्वतःचं परागीभवन स्वतः करायचा गुण घेतलाय, भुंग्यांची मनधरणी नको. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली शेंग दिली आणि शेजारची लाल वेल फुलं गाळत असताना हा आठवड्याला दोन-तीन भाज्या पुरवत राहिला. शेंग गुळगुळीत, दोरा जवळजवळ नाही. श्रावण घेवड्याच्या पद्धतीची भाजी जमते ती फक्त याचीच. तक्रार एकच: रनर बीनचा तो किंचित उग्र, हिरवा वास यात फिका आहे. आजोबांनी एक शेंग कच्चीच मोडून हुंगली आणि नम्रपणे परत दिली.

'पेंटेड लेडी'बद्दल काय सांगू. लाल-पांढरी दुरंगी फुलं, जुनं नाव, फोटो सुंदर येतात. शेंगा कमी, लवकर राठ. हौस असेल तर दोन वेली पुरेत. 'हेस्टिया' गुडघ्याएवढीही वाढत नाही, आधार लागत नाही, बाल्कनीवाल्यांना बरी. पण शेंगा मातीला टेकतात आणि कुंडी तापली की तिचंही जुलैत भजं होतं. माझ्या कुंडीतून एकूण दोन वेळची भाजी निघाली. तीन पौंडांच्या पाकिटाला तेवढीच.

कोवळ्या शेंगांसाठी इथल्या बायका वापरतात ती युक्ती मला उशिरा कळली: मोडायच्या नाहीत, कडेच्या शिरा काढून तिरक्या, काडीसारख्या बारीक चिरायच्या. अशा चिरलेल्या शेंगा मोहरी-हिंगाच्या फोडणीत झाकण न ठेवता परतून वर ओलं खोबरं टाकलं की हिरव्या राहतात. गोड्या मसाल्यात यांचा रंग आणि चव दोन्ही दबतात, म्हणून तो नाद मी सोडला.

आणि आता जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ती 'झार'. हिची एकही हिरवी शेंग मी तोडली नाही. पांढरी फुलं, मोठ्या शेंगा, वेलीवरच ऑक्टोबरपर्यंत वाळू दिल्या. पाऊस लागायच्या आत वेली मुळाशी कापून गॅरेजमध्ये उलट्या टांगल्या. शेंगा फोडल्यावर आतून अंगठ्याच्या नखाहून मोठे, शुभ्र दाणे निघाले, दहा वेलींचे सव्वा किलोला थोडे कमी. मांडवावरची धावपळ नाही, दर दोन दिवसांनी तोडणी नाही, आणि दोऱ्याचा प्रश्नच नाही. रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, कुकरला शिजवून उसळ केली: आलं-लसूण, आमसूल, गूळ, वरून कोथिंबीर-खोबरं. वालाच्या बिरड्याचा कडवटपणा यात नाही, तो शोधूही नका. पण दाणा लोण्यासारखा आणि रस आपोआप दाट होतो.

एक गोष्ट मात्र नीट वाचा. हे दाणे कच्चे किंवा अर्धवट शिजलेले पोटात गेले तर उलट्या-जुलाब होतात, राजम्यासारखंच. भिजवलेलं पाणी फेकायचं, निदान दहा मिनिटं खळखळून उकळायचं आणि मग मऊ शिजवायचं. स्लो कुकरच्या मंद आचेवर हे विष पूर्ण जात नाही, म्हणून त्यात कच्चे दाणे टाकू नका.

पुण्याच्या भावाने फोटो पाहून बी मागितलं. त्याला म्हटलं, एक तर बी असं पाकिटात घालून परदेशी पाठवता येत नाही, त्याला वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. दुसरं, तुझ्याकडे फुलं येतील, पण पुण्याच्या उबदार रात्रींत शेंग धरेल असं वाटत नाही. कोरेगावचा वाघ्या घेवडा खा आणि सुखी राहा. गंमत म्हणजे 'स्कार्लेट एम्परर'चं बी, जांभळट-गुलाबी अंगावर काळे पट्टे असलेलं, मला पहिल्यांदा पाहताना वाघ्याच आठवला होता.

पुढच्या वर्षीचा हिशेब झालाय: निम्मा मांडव 'झार', उरलेल्यात 'मूनलाइट' जास्त आणि 'एम्परर'च्या चार वेली, सप्टेंबरसाठी आणि आजोबांशी संबंध टिकवण्यासाठी. पाकिटं मात्र नवीनच घ्यावी लागतील. पाच वाण एकाच बागेत होते, भुंगे सगळीकडे फिरले, त्यामुळे घरच्या बियांतून काय उगवेल ते भुंग्यांनाच माहीत. तरी डब्यात मूठभर ठेवलंय. शिवाय या वेलीला जमिनीखाली कंदासारखी मुळं असतात, डेलियासारखी काढून ठेवली तर पुन्हा फुटतात. 'एम्परर'ची तीन मुळं गॅरेजमध्ये, कोरड्या मातीच्या खोक्यात झोपवली आहेत. काल झाकण उघडून पाहिलं, एक सुरकुतलंय, दोन अजून टणक आहेत.