300 चिप्सचा पोकर सेट: सहा भिडूंना पुरतो, आठांना लाल कमी पडतात

गौरी-गणपतीच्या जागरणात तीनपत्तीवरून टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकाराकडे वळलेल्या कोल्हापूरच्या मंडळींसाठी ॲल्युमिनियमच्या पेटीतला 300 चिप्सचा सेट चांगला आहे, पण सहा जणांपुरताच. घेताना रंग मोजा: पांढऱ्या 100 आणि लाल, निळ्या, हिरव्या, काळ्या प्रत्येकी 50 हव्यात.

सेटचा कस पहिल्या बाय-इनलाच, म्हणजे बसताना चिप्स घेतानाच, लागतो. ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोन भिडूंनी टाकायच्या सक्तीच्या चिप्स, एक छोटा, एक बिग) 1-2 पॉइंटचे असतील तर प्रत्येकाला 200 द्या, म्हणजे 100 बिग ब्लाइंड. पांढरी 1, लाल 5, निळी 25 धरली की 10 पांढऱ्या, 8 लाल, 6 निळ्या. सहा जणांत लाल 48 जातात, निभावतं. आठ जण बसले की 64 लागतात आणि दर डावाला सुट्या चिप्ससाठी खोळंबा होतो. हिरवी 100 ची, मागाहून भर घालायला. (हे सगळं पॉइंटवरच. पैसे लावायचा अड्डा चालवणं 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.)

तीनपत्तीच्या सवयीने बरेच जण 80 च घेऊन बसतात. ते चुकतं. घरच्या बैठकीत रेझ (वाढवलेली बेट) मोठी पडते: एकाने 10 केले, तिघांनी कॉल दिला (तेवढेच टाकले), की फ्लॉपआधीच, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन सामाईक पत्ते उघडण्याआधीच, पॉट (मधला ढीग) चाळीसच्या वर आणि हातात उरतात 70. एक-दोन बेटमध्ये ऑल-इन, सगळ्या चिप्स मध्ये! पंजांची जोडी धरून तिसऱ्या पंजाची वाट बघणं तर परवडतच नाही. फ्लॉपवर तो साधारण साडेआठ वेळांत एकदा लागतो, म्हणून मागे कॉलच्या 15-20 पट चिप्स हव्यात.

दोनशेच्या वर घ्यायच्या आधी समोरचे ढीग बघा. सगळ्यांपुढे 80 असतील तर तुमचे 400 वाया, कारण समोरच्याकडे आहे तेवढंच जिंकता येतं. तापट भिडू मोठा ढीग लावून डाव्या हाताला बसला असेल तर कमी घ्या, तो बहुतेक डावांत तुमच्यानंतर बोलणार. उजवीकडे असेल तर पूर्ण घ्या. भर दोन डावांच्या मध्येच घालायची, आणि टेबलावरच्या चिप्स उचलून खिशात घालायच्या नाहीत.

चिप 11.5 ग्रॅमची, आत धातूची चकती, त्यामुळे ढीग सरळ उभा राहतो. उघड्या फरशीवर आपटली की कड उडते. खाली घोंगडी अंथरा. सोबतचे कागदी पत्ते मात्र कुचकामी. पावसाळ्यात दमट हवेने फुगतात, कोपरा वाकतो आणि एक्का पाठीवरूनच ओळखू येतो. प्लास्टिकचा कॅट वेगळा घ्या.