शाईची टाकी की टोनरची पावडर? गावातल्या घरासाठी कोणता प्रिंटर स्वस्त पडतो

घरी महिन्याला पन्नास-शंभर पानं निघतात, त्यातली बहुतेक काळी: सातबारा, आठ अ, पीकविम्याची पावती, फेरफाराचा अर्ज, पोरांच्या सराव प्रश्नपत्रिका. एवढ्या कामासाठी छोट्या कार्ट्रिजचा साधा इंकजेट घेऊ नये, हे आता सगळ्यांना माहीत आहे. उरतात दोन पर्याय. एक शाईच्या टाकीचा प्रिंटर, दुसरा कार्ट्रिज पुन्हा भरता येतं असा काळा-पांढरा लेझर. दोन्ही वापरून मी लेझरवर थांबलो. तुमचं काम वेगळं असेल तर निर्णयही वेगळा होऊ शकतो, म्हणून दोन्हींचा हिशेब मांडतो.

कागदावर टाकी जिंकते. एप्सनच्या एल३११०, एल३२१०, एल३२५० या मॉडेलांना ००३ शाई लागते. काळी बाटली ६५ मिलीची आणि कंपनी ४५०० पानं सांगते. बाटली चारशे रुपयांची धरली तर पानाला नऊ पैसे पडतात. कॅननच्या जी२०१०, जी३००० ला जीआय-७९० शाई लागते. तिची काळी बाटली १३५ मिलीची, पानं ६०००.

लेझरमध्ये आपल्याकडे भरपूर चालणारं कार्ट्रिज म्हणजे एचपीचं १२ए. ते एचपीच्या १०२० आणि एम१००५ या प्रिंटरांना लागतं. कॅननच्या एलबीपी २९०० चं ३०३ कार्ट्रिज त्याच अंगाचं आहे, भरायची रीतही तीच. त्यातून २००० पानं निघतात असं गृहीत धरतात. तालुक्याच्या दुकानातून अडीचशे-तीनशेत भरून घेतलं तर पान साडेबारा ते पंधरा पैशांना पडतं. दीडशेची पावडर आणून घरी भरलं तर साडेसात पैसे. मात्र दोन-तीन वेळा भरल्यावर ड्रम (ज्यावरून अक्षर कागदावर उतरतं तो नळा) आणि ब्लेड (त्याला पुसणारी पट्टी) बदलावं लागतं, त्याचे दोन-अडीचशे तीन भरण्यांवर वाटले की पानामागे आणखी चारेक पैसे चढतात. म्हणजे अकरा-बारा पैसे. भाव गावागणिक बदलतील, पण फरक एवढाच राहील.

बाटलीवरचे हे आकडे फोकनाड नाहीत, फक्त ते एका ठरावीक मोजणीचे आहेत. लेझरची मोजणी पानाचा सुमारे पाच टक्के भाग काळा होईल अशा मजकुरावर होते. रेघांच्या चौकटींनी भरलेला सातबारा त्याहून जास्त पावडर खातो. शाईच्या आकड्यात आणखी एक गोष्ट धरलेली नसते, आणि माझ्या मते विदर्भात निर्णय तिथेच होतो: हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, साफ करण्यात वाहून जाणारी शाई.

आपल्याकडे प्रिंटरचं काम वर्षभर सारखं नसतं. शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, कारण त्याआधी पोरांना वर्गात बसवण्याजोगी हवाच नसते. पीककर्जाची धावपळ पेरणीच्या आगेमागे, खरिपाचा विमा जुलैत. म्हणजे परीक्षा संपल्यापासून जूनच्या मध्यापर्यंत यंत्र जवळजवळ बंद, आणि नेमक्या त्याच काळात चंद्रपूर-ब्रह्मपुरीपासून अकोल्यापर्यंत पारा पंचेचाळीसच्या आसपास आणि हवा कोरडी ठणठणीत. शाईतलं बरंचसं पाणीच असतं. हेडची छिद्रं केसाहून बारीक. त्यांच्या तोंडाशी असलेल्या शाईतलं पाणी उडालं की रंग तिथेच घट्ट होतो. प्रिंटर नीट बंद झाला असेल तर हेड रबराच्या टोपीवर बसून झाकलेलं राहतं, पण त्या टोपीचीही एक मर्यादा आहे.

त्यात लाइन जाते. पान निघत असताना वीज गेली की हेड मध्येच, उघड्यावर थांबतं. दुपारी तीनला गेलेली लाइन संध्याकाळी सातला आली, तर मे महिन्यात तेवढे चार तास पुरेसे असतात. पहिल्या पानावर पांढऱ्या आडव्या रेघा, नाहीतर पिवळा रंगच गायब.

मग सफाई सुरू होते. साधं हेड क्लीनिंग म्हणजे पंप छिद्रांतून शाई ओढतो आणि ती यंत्राच्या तळातल्या पॅडमध्ये टाकतो. तुम्हाला फक्त काळं हवं असलं तरी बहुतेक यंत्रं चारही रंग ओढतात. तीनदा करूनही नोझल चेकचा, म्हणजे छिद्रं तपासायच्या पानाचा, नमुना तुटका दिसला तर एप्सनची पुस्तिका सांगते की बारा तास काहीही छापू नका, मग पुन्हा तपासा, आणि तरीही नाही जमलं तर पॉवर क्लीनिंग, म्हणजे जोरदार सफाई. त्यासाठी प्रत्येक टाकी किमान एक तृतीयांश भरलेली हवी. रिकाम्या टाकीवर ते चालवलं तर नळ्यांत हवा शिरते, आणि मग विहिरीवरच्या मोटरला पाणी धरण्यासारखा सगळा खेळ पुन्हा पहिल्यापासून. पॉवर क्लीनिंगनंतर टाकीतली पातळी डोळ्यांना दिसेल इतकी उतरते. पॅड किती भरला याचीही मोजणी यंत्र ठेवतं. ती संपली की प्रिंटर छापणं थांबवतो, पॅड बदलून मोजणी शून्यावर आणून घ्यावी लागते. कॅननच्या जी२०२०, जी३०२० मध्ये हा पॅड वेगळ्या डब्यात आहे, एमसी-जी०२ नावाचा, आणि तो घरच्या घरी बदलता येतो. टाकीच घ्यायची असेल तर ही सोय लक्षात ठेवा.

आता हिशेब पुन्हा करू. समजा वर्षाला ६०० पानं निघतात. नऊ पैशांनी शाई लागली ५४ रुपयांची. पण उन्हाळ्यातल्या सफायांत अर्ध्या बाटलीच्या किमतीची शाई गेली, म्हणजे दोनशे रुपये, तर पान बेचाळीस पैशांवर जातं. हेच वर्षाला ६००० पानं छापणाऱ्याचं झालं तर दोनशे रुपये कुठेच जाणवणार नाहीत, आणि रोज चालणाऱ्या यंत्राचं हेड सहसा जामही होत नाही. म्हणून सेवा केंद्रवाल्याला टाकी परवडते आणि त्याच्याच शेजारच्या घराला परवडत नाही. टोनर ही कोरडी पावडर. वाळण्यासारखं तिच्यात काही नसतं. दोन महिने बंद असलेला लेझर चालू केला तर फार तर पहिलं पान एका बाजूने फिकं येतं. कार्ट्रिज काढून आडवं धरायचं, हलक्या हाताने पाच-सहा वेळा डोलवायचं, परत बसवायचं.

दुसरा मुद्दा पावसाचा. एप्सनच्या ००३ आणि जुन्या ६६४ शाया विरघळणाऱ्या रंगाच्या. ओल्या हाताने धरलेला किंवा पावसात पिशवीतून भिजलेला कागद पसरतो. कॅनन जीआय-७९० ची काळी शाई मात्र पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक कणांची, ती बरीच टिकते. लेझरचं अक्षर वितळून कागदाला चिकटलेलं असतं, पाण्याने जात नाही. जुलैत तहसिलीच्या चकरा मारणाऱ्या कागदाला याचा फरक पडतो.

लेझरची दुखणीही आहेत, ती लपवत नाही. फ्युजर, म्हणजे पावडर वितळवून कागदाला चिकटवणारा भाग, तापताना काही शे वॅट खेचतो. संगणकाच्या छोट्या यूपीएसवर लेझर लावला तर यूपीएस टिटी करून बंद पडतो किंवा कालांतराने जळतो. घरच्या लहान इन्व्हर्टरचीही तीच गत. लेझरला सरळ भिंतीचा प्लग द्यायचा आणि लाइन असतानाच छापायचं. टाकीचा प्रिंटर दहा-पंधरा वॅटवर भागवतो, इन्व्हर्टरवर आरामात चालतो. ज्यांच्याकडे दिवसा आठ-आठ तास लाइन नसते, त्यांच्यासाठी हा एकच मुद्दा पारडं फिरवू शकतो. शिवाय लेझरवर रंग नाही. पासपोर्ट फोटो, पोरांचे प्रकल्प, लग्नाची पत्रिका हवी असेल तर टाकीला पर्याय नाही. एलबीपी २९०० ला फोनवरून थेट छापताही येत नाही, यूएसबीची वायर आणि संगणक लागतो.

कूलरपासूनही जपावं लागतं. कूलरच्या झोतात ठेवलेली कागदाची रीम ओल धरते. लेझरमध्ये तो कागद वाकतो, दोन-दोन पानं ओढली जातात, अक्षर फिकं पडतं. उघडलेली रीम प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवली की एवढा त्रास राहत नाही.

भरणं घरी करायचं असेल तर १२ए चं काम असं. पहिल्या वेळी दुकानातच भरून घ्या आणि डोळ्यांसमोर उघडायला लावा, कारण कारखान्यातून आलेल्या कार्ट्रिजच्या दोन्ही टोकांच्या पिना घट्ट बसलेल्या असतात आणि त्या काढताना प्लास्टिक फुटतं. एकदा सुटलेल्या पिना पुढे बारीक पक्कडीने निघतात. पिना निघाल्या की कार्ट्रिजचे दोन भाग होतात, मधल्या स्प्रिंगा सांभाळा. एका भागात ड्रम, चार्ज रोलर म्हणजे पीसीआर, आणि वायपर ब्लेडमागे वाया गेलेल्या पावडरची पेटी. दुसऱ्यात मॅग रोलर, म्हणजे ड्रमला पावडर पुरवणारा रोलर, आणि भरायची पेटी.

हिरवट-निळसर ड्रम बाहेर काढताच काळ्या कापडात गुंडाळा. उजेडाने तो खराब होतो, बोटाचा डाग पानावर उमटतो. वायपर ब्लेडचे दोन स्क्रू काढून वाया पावडर पूर्ण रिकामी करा. ती पुन्हा भरण्याचा मोह नको, तिच्यात कागदाचा भुगा असतो आणि पान राखाडी येतं. पीसीआर किंचित ओल्या कापडाने पुसून वाळू द्या, स्पिरिट लावू नका. दुसऱ्या भागाच्या एका टोकाचं झाकण काढलं की आत प्लास्टिकचं बूच दिसतं. तिथून कागदाच्या नरसाळ्याने ८० ते १०० ग्रॅम पावडर सोडा, ठासू नका. बूच लावून मॅग रोलरचा गिअर दोन-चार वेळा फिरवा. नवा ड्रम टाकत असाल तर त्याला आधी पावडरचा हलका हात द्या, कोरड्या ड्रमवर ब्लेड उलटतं. हे सगळं अंगणात किंवा पंखा बंद करून, जुन्या वर्तमानपत्रावर, तोंडाला रुमाल बांधून. हात थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने पावडर चिकटते.

काय बिघडलं ते पानच सांगतं. एकाच जागी उभी काळी रेघ असेल तर वायपर ब्लेड झिजलंय किंवा ड्रमवर चरा आहे. साडेसात सेंटीमीटरच्या अंतराने तोच ठिपका परत परत आला तर दोष ड्रमचा, पावणेचारच्या अंतराने आला तर पीसीआरचा. पूर्ण पान राखाडी म्हणजे वाया पेटी भरलीय किंवा पावडर दुसऱ्याच मॉडेलची. ८८ए ची पावडर १२ए मध्ये सहज खपवली जाते, बाटलीवरचा नंबर वाचून घ्या. अक्षर बोटाने पुसलं जात असेल तर एकतर पावडर चुकीची, नाहीतर फ्युजरची फिल्म गेली. फ्युजर हा मात्र खर्चाचा भाग आहे.

टाकीच घेतली असेल, तर मार्च ते जून दर आठवड्याला एक नोझल चेक काढा. त्याला लागणारी शाई नगण्य, सफाईच्या तुलनेत काहीच नाही. बंद करताना यंत्राचं बटण दाबा, आतला आवाज थांबू द्या, मगच बोर्डाचं बटण. छापताना लाइन गेली असेल तर आल्याबरोबर एकदा चालू करून हेड जागेवर जाऊ द्या. काळ्या मजकुराला छापण्याच्या सेटिंगमध्ये ग्रेस्केलवर (फक्त काळ्या छटा) खूण करा, म्हणजे रंग उगाच मिसळले जात नाहीत. सुटी शाई घेताना पिगमेंटच्या जागी पिगमेंट आणि साध्या, विरघळणाऱ्या रंगाच्या जागी साधीच घ्या. अदलाबदलीत हेड जातं, आणि एप्सनमध्ये हेड बदलणं म्हणजे जवळजवळ दुसरा जुना प्रिंटर घेण्याइतका खर्च. कॅनन जी आणि एचपीच्या टाकीवाल्यांत हेड सुटं निघतं, हा त्यांचा फायदा.

लेझर नवा घेणाऱ्यांनी कार्ट्रिजवरची चिप बघावी. एचपीच्या काही नव्या मॉडेलांत डायनॅमिक सिक्युरिटी असते, दुसऱ्या चिपचं कार्ट्रिज नाकारलं जाऊ शकतं, हे कंपनी स्वतःच सांगते. १२ए आणि ३०३ ला चिप नाही. ब्रदरमध्ये ड्रम आणि टोनर वेगळे असतात, एचएल-एल२३२१डी ला टीएन-२३६५ टोनर लागतो. तो २६०० पानांचा आणि ड्रम १२००० पानांचा. मॉडेल चांगलं आहे, पण गावाजवळचा दुकानदार ते भरतो का हे आधी विचारा. १२ए कुठल्याही तालुक्याला भरून मिळतं, माझ्या दृष्टीने याला वेगापेक्षा जास्त किंमत आहे.

नागपूर-अमरावतीहून जुना १०२० किंवा २९०० घेत असाल तर दुकानात दहा पानं सलग काढायला लावा. पहिलं पान चांगलं येतंच. सातव्या-आठव्या पानावर कागद ओढणारा रबरी रोलर घसरतोय का ते बघा, आणि शेवटच्या गरम पानावर अंगठा घासा. पावडर निघाली तर फ्युजर बदलून द्यायला सांगा, नाहीतर दुसरं यंत्र दाखवायला सांगा.