माला-एन: फुकट मिळते, पण नेम मागते

उपकेंद्रात मिळणारी माला-एन ही गर्भ टाळायची गोळी फुकट आहे म्हणून हलकी समजू नका. पाकिटात 28 गोळ्या: 21 पांढऱ्या, हार्मोनच्या; 7 तपकिरी, नुसत्या लोहाच्या. पांढरी गोळी बीज सुटू देत नाही आणि गर्भाशयाच्या तोंडाशी चिकटा दाट करते. तपकिरी चालू असताना पाळी येते.

पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू करा, रोज ठरल्या वेळी. रात्रीची भांडी आवरली की, हे बरं लक्षात राहतं. एक चुकली तर आठवताच घ्या, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतात. दोन-तीन पांढऱ्या लागोपाठ चुकल्या तर पुढचे 7 दिवस निरोध हवाच. तिसऱ्या आठवड्यात असं झालं तर उरलेल्या पांढऱ्या संपवून, तपकिरी सोडून थेट नवं पाकीट. खरा घोळ इथंच होतो. ऊसतोडीला जाताना सहा महिन्यांची पाकिटं आधीच मागून ठेवा.

बीपी, रक्ताच्या गाठी, डोळ्यांपुढं चमकून येणारी अर्धशिशी, किंवा अंगावर पिणारं सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ही नको. टीबीची रिफॅम्पिसिन चालू असेल तर हिचा भरवसा नाही. एकच पोटरी सुजून दुखली तर गोळी थांबवा, लगेच दवाखाना. सणासाठी पाळी पुढं ढकलायची गोळी वेगळी; तिच्यानं गर्भ टळत नाही.