यकृताचा कर्करोग: हळद की भुईआवळा?

वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीत कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, जास्त, साधारण सहा टक्के. म्हणजे चमचाभर, तीन ग्रॅम पुडीत १८० मिलिग्रॅम. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र ते ग्रॅमच्या हिशोबात देतात, तरी रक्तात फारच थोडं उतरतं. यकृत आणि आतडं त्याचं लगेच रूपांतर करून टाकतात. प्रयोगशाळेत ते कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतं, हे खरं. पण बशीतली पेशी म्हणजे पेशंट नव्हे. मिरीतल्या पायपरिनने शोषण वाढतं, तसंच सोराफेनिबसारख्या यकृताच्या कर्करोगावरच्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाणही बिघडू शकतं. मिरी घातलेल्या हळदीच्या कॅप्सूलने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. वरणातल्या हळदीला कोणाची ना नाही.

भुईआवळ्याचा रोख वेगळा, हेपॅटायटिस बी वर, म्हणजे ज्या विषाणूमुळे पुढे यकृताचा कर्करोग होऊ शकतो त्यावर. १९८८ साली मद्रासच्या अभ्यासाने आशा दाखवली होती. पुढच्या चाचण्यांत ती टिकली नाही. शिवाय पराटीच्या (कपाशीच्या) तासातून उपटलेल्या झाडावर तणनाशक किंवा कीटकनाशक बसलेलं असू शकतं, आणि पानाखाली फळं धरणाऱ्या सारख्या दिसणाऱ्या जातीही जुडीत येतात.

दोन्हींत निवडायचंच तर स्वयंपाकातली हळद. औषध म्हणून एकही नाही. हेपॅटायटिस बी ला टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर या गोळ्या आहेत, बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत लस आहे. सिरॉसिस (यकृत घट्ट, व्रणांनी भरलेलं) असेल तर कर्करोग लवकर सापडावा म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी ही रक्ततपासणी. काढा चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, पुडी सोबत न्या.