पाच महिने फक्त काळं-पांढरं: टोरांटोच्या हिवाळ्यातला अनुभव

काळा रंग मळखाऊ, हे नाशकात ऐकतच मोठी झाले. टोरांटोत ते साफ खोटं ठरलं. नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत ऑफिसला फक्त काळं आणि पांढरं घातलं, आणि छळलं ते काळ्यानंच.

कारण इथला मळच पांढरा. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते बुटांवर चढतं, पँटच्या कडेला लागतं, आणि वाळलं की खडूनं ओढल्यासारखी रेघ उमटते. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन फडक्यानं पुसलं की जाते, पण त्याच संध्याकाळी पुसलं तर. एकदा आठवडाभर आळस केला, आणि चामड्याचा डावा बूट बोटांच्या वळणाशी तडकला.

सामान थोडंच आहे: गुडघ्यापर्यंतचा काळा लोकरी कोट (७० टक्के लोकर, बाकी पॉलिएस्टर), दोन काळ्या पँटी, एक काळी जीन्स, दोन पांढरे हायनेक, सायीच्या रंगाचा एक मेरिनो स्वेटर, थर्मल. उणे पाचपर्यंत थर्मल, हायनेक आणि कोट पुरतो. उणे पंधरा आणि वर वारा असला की कोट नुसता शोभेचा. तेव्हा पिसं भरलेलं जाकीट, तेही काळंच.

सकाळी कपाटापुढे उभं राहून डोकं खाजवावं लागत नाही, हे खरं. पण काळ्याला काळं जुळतंच असं नाही. चार धुण्यांत जीन्स कोटाशेजारी चक्क तपकिरी दिसायला लागली. दुकानातल्या दिव्यांखाली हे कळत नाही, आता मी कपडा खिडकीशी नेऊन बघते. सायीच्या रंगाचा स्वेटरही तसाच लबाड: घरात देखणा, बाहेर ताज्या बर्फापुढे पिवळट.

सगळ्यात पस्तावले ती पांढऱ्या केसाळ मफलरला. पहिल्याच दिवशी कोटावर मांजर लोळून गेल्यासारखे केस. दुकानातली बाई म्हणाली होती, दोन धुण्यांत थांबेल. कसलं थांबतंय! चिकट रोलर आजही पर्समध्ये असतो.

बाकी पांढऱ्यानं मात्र सुख दिलं. धूळ नाही, घाम नाही. हायनेक तीनदा घालून मग धुवायला टाकते. फक्त मी केसांना खोबरेल लावते, त्याचा डाग मानेशी बसतो. भांड्यांच्या लिक्विडचा थेंब चोळून तासभर ठेवला की निघतो.

एक सांगायचं राहिलं. डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि काळ्या कोटातलं माणूस गाडीवाल्याला दिसत नाही. सिग्नलला वळणारी एक गाडी माझ्यापासून हातभरावर थांबली, तेव्हापासून बॅगेला चमकणारी पट्टी लावली आहे.

संक्रांतीला ऑफिसचे कपडे बाजूला ठेवून काळी चंद्रकळा काढली. बाहेर उणे अठरा. साडीखाली थर्मल, आणि ब्लाउजच्या जागी पांढरा हायनेक. मला वाटलं बायका नावं ठेवतील, तर दोघींनी विचारलं कुठून घेतलास म्हणून. वर हलव्याचे दागिने; हीटरच्या कोरड्या हवेत हलवा रात्रीपर्यंत खडखडीत राहिला, मुंबईत तो दुपारीच चिकटायला लागतो. गाडीपासून हॉलपर्यंत जेमतेम पन्नास पावलं. निऱ्या वर धरून चालले, तरी फॉलवर मिठाची रेघ आलीच.