११,५०० रुपयांचा बास: तारा खाली आणल्यानंतरचे दहा महिने

फेब्रुवारीत चार तारांचा बास गिटार घेतला, ११,५०० रुपयांना. घरी आणून स्टीलची मोजपट्टी लावली तर बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांडीवरचा धातूचा आडवा पडदा) जाड 'ई' तार चक्क ४ मिलिमीटर वर. दोन-अडीच मिलिमीटर असेल तर हाताला बरं पडतं. अर्धा तास वाजवलं की करंगळी आणि मनगट भरून यायचं. दुकानदार म्हणाला, "हात बसेल हळूहळू." तीन आठवडे मी तेच खरं धरून चालले.

मग एका संध्याकाळी ट्यूनर लावून बसले. मोकळी तार सुरात, पण पहिल्या फ्रेटवरचा एफ दाबला की सूर चढलेला. हलक्या बोटाने दाबला तरी चढलेलाच. तार नटवरच, म्हणजे पहिल्या फ्रेटआधी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीवरच, इतकी उंच होती की फ्रेटपर्यंत नेताना ती ताणली जात होती. दोष माझ्या हाताचा नव्हता, हे त्या दिवशी कळलं आणि खरंच हायसं वाटलं.

घाईघाईने मी ब्रिजवरची (दुसऱ्या टोकाच्या घोडीवरची) सॅडल, म्हणजे तार टेकते तो तुकडा, खाली केली, आणि मधल्या फ्रेटवर खडखड सुरू झाली. तंबोऱ्याच्या जवारीत तार घोडीला घासते ती कारागिराने मापून घडवलेली असते. ही नुसती खडखड, सुराचा जीव घेणारी. मामेभाऊ गिटार वाजवतो. तो म्हणाला, "ताई, सॅडल वर घे परत. आधी नेक बघ."

नेक म्हणजे बासची लांब दांडी, आणि तिचा बाक हाच या सगळ्यातला कळीचा मुद्दा आहे. तो बघायला पहिला फ्रेट आणि नेक जिथे बॉडीला जोडलेली असते तिथला फ्रेट, दोन्हीकडे तार एकाच वेळी दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट बघायची. ०.३ मिलिमीटरच्या आसपास हवी. माझी ०.८ निघाली. नागदेवी स्ट्रीटवरून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि ॲलन की (षटकोनी किल्ल्या) आणल्या. गॅरेजवाले वापरतात तेच गेज, वेगळं काही लागत नाही. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळई, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की ताणला जातो आणि नेकचा बाक कमी होतो. एका वेळी पाव फेरा, पुन्हा सुरात लावायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी मोजायचं. चार तारांचा ताण सुरात असतानाच मोजमाप खरं येतं. ॲलन की जड लागली तर जोर लावू नका, तिथेच थांबा.

तीन दिवसांत फट ०.३ वर आली. पण ट्रस रॉडने फक्त बाक सुधारतो, तारेची उंची जेमतेम थोडी उतरते. मग सॅडल पार तळाला नेली, तरी 'ई' तार २.८ वरच! शेवटी नेकचे चार स्क्रू काढून ती बसते त्या बॉडीतल्या खाचेत, ब्रिजकडच्या टोकाला, व्हिजिटिंग कार्डची एक पट्टी सरकवली. एवढ्याशा कागदाने नेक मागे कलली आणि सॅडल उलट थोडं वर घ्यावं लागलं. आता 'ई' २.२ आणि बारीक 'जी' १.८ मिलिमीटर. सगळ्यात शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) आणि दाबलेला सूर जुळेपर्यंत सॅडल पुढे-मागे केलं.

नटला मात्र मी हात लावला नाही. त्याच्या खाचा कानशीने एकदा जास्त खोल गेल्या की नट बदलावाच लागतो. ते काम गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराला दिलं. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली की पहिल्या फ्रेटवर जेमतेम कागदाएवढी फट उरते, इतपत त्याने खाचा उतरवल्या. मला सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला. पहिला एफ आता सुरात आहे.

आपल्या मुंबईचा पाऊस मात्र हिशेबात धरा. जुलैत 'ई' २.७ वर गेली, पुन्हा पाव फेरा लागला. नोव्हेंबरअखेर हवा कोरडी झाली तेव्हा उलटं झालं, पहिल्या तीन फ्रेटवर खडखड, म्हणून ट्रस रॉड पाव फेऱ्याच्या निम्म्याने सैल केला. आता दर दोन महिन्यांनी पट्टी लावते.

अजून 'जी' तार चौदाव्या फ्रेटला लागून किंचित खडखडते. तो एक फ्रेट बाकीच्यांपेक्षा उंच बसलाय. ॲम्पमधून ऐकू येत नाही, म्हणून सध्या तसाच ठेवलाय. पुढच्या महिन्यात तारा बदलताना कारागिराकडे नेईन.