पिवळा मल्टिमीटर आणि गाडीचे स्पीकर: काही महिने वापरल्यावर

पुण्यातल्या तापकीर गल्लीत २००-३०० रुपयांत मिळतो तो पिवळा डिजिटल मल्टिमीटर मी पावसाळ्याच्या तोंडावर घेतला. डाव्या पुढच्या दारातला आवाज मधूनच गायब व्हायचा आणि अ‍ॅक्सेसरीवाल्याने दाराचं आतलं पॅड न खोलताच ‘साहेब, चारही स्पीकर बदलून टाका’ असा निकाल दिला होता. तेव्हापासून माझी, मेव्हण्याची आणि सोसायटीतल्या दोन-तीन गाड्या या मीटरखालून गेल्या आहेत.

खरं काम २०० ओहमच्या रेंजचं. डेक (गाडीची म्युझिक सिस्टिम) बाहेर ओढून मागचा सॉकेट काढायचा आणि गाडीकडे जाणाऱ्या वायरींच्या एकेका जोडीवर प्रोब (मीटरची दोन टोकं) टेकवायचे; दाराचं पॅड उघडायची गरज नाही. बाहेरून बसवलेल्या डेकच्या वायरी बहुधा अशा: पांढरी जोडी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, काळी रेघवाली निगेटिव्ह. कंपनीच्या वायरिंगचे रंग मात्र ज्याचे त्याचे. ४ ओहमचा धड स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. घाबरू नका, ४ हा आकडा एसी करंटचा, मीटर डीसी करंटवर मोजतो. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून जो आकडा येतो तो वजा करा. डावीकडे नुसता १ दिसला तर कुठेतरी तुटलंय. जवळजवळ शून्य आला तर शॉर्ट. तो स्पीकर डेकला जोडलात तर डेकचीच वाट लागायची.

माझ्या दाराचा आकडा ३.९ होता, म्हणजे ठणठणीत. मुलाला सांगितलं, दार सावकाश उघड. अर्ध्यावर ३.९ चा १ झाला, बंद केल्यावर पुन्हा ३.९. दोष बिजागरीजवळच्या रबरी नळीत होता. वरचं प्लास्टिक शाबूत, आतलं तांबं तुटलेलं; बोटांत धरून वाकवली की तेवढीच जागा लुसलुशीत लागायची. वायरचा तुकडा घालून सोल्डर केलं, वर स्लीव्ह चढवली. अख्खा पाऊस गेला, आवाज गेला नाही.

खरखरीपुढे मात्र मीटर हात टेकतो. मेव्हण्याचा स्पीकर ३.६ दाखवत होता आणि आवाज फाटत होता. डेक बंद ठेवून स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा भाग) दोन्ही बाजूंनी समान दाबला तर आत कॉइल घासल्याचा स्पष्ट आवाज. दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा कुणीतरी फाडून तसाच सोडला होता, पाणी थेट स्पीकरवर. स्पीकर बदलावाच लागला.

ट्वीटरला (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरला) डीसी अडवणारा कपॅसिटर जोडलेला असतो, त्याच्या अलीकडून मोजलं तर चांगला ट्वीटरही १ दाखवतो. अशाने किती चांगले ट्वीटर भंगारात गेले असतील देव जाणे.

बेस पोकळ वाटतोय, पण बॅलन्स एका बाजूला नेला की भरतो? मग बहुतेक एका स्पीकरची वायर उलटी आहे. इथे मीटरपेक्षा १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल बरा. सॉकेट काढलेलाच असू द्या, प्लसला प्लस क्षणभर टेकवा, कोन बाहेर यायला हवा.

मीटरबद्दल तक्रारी आहेतच. प्रोबच्या वायरी कडक, बीप उशिरा वाजते आणि आपोआप बंद व्हायची सोय नाही. बरेच दिवस चालूच राहिला की ९ व्होल्टची बॅटरी गेलीच.